पुण्याजवळ

अमेरिकेतल्या माणसाला कराड कुठं आहे हे कसं सांगायचं? कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात तिथं, असं सांगून त्याला काय डोंबल कळणार! महेंद्र होवाळनं यावर फार डोकं शिणवलं नाही. ई-मेलमध्ये ‘पुण्याजवळ’ एवढं लिहून तो मोकळा झाला. कराडपासून पुणं चांगलं एकशे साठ किलोमीटर आहे, पण अमेरिकेतून बघितलं तर तेवढं अंतर म्हणजे काहीच नाही. तेव्हा खोटंही तेवढंच लहान, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

ही गोष्ट १९९९ सालची. कराडात तेव्हा कॉम्प्युटर होते, ते लग्नपत्रिका छापायला आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना पत्ते खेळायला. दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर एकदम बंद पडणार, असं पेपरात छापून येत होतं. त्यामुळे ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता ते लोक जरा खुशीतच होते. नेमक्या अशा वर्षी महेंद्रनं एक जुना कॉम्प्युटर विकत आणून बाहेरच्या खोलीत मांडला.

तो ड्राफ्ट्समन होता. इंजिनिअर आपल्या डोक्यातलं हातवारे करून सांगतो आणि ड्राफ्ट्समन ते कागदावर असं काढतो, की वेल्डरला बघून काम करता यावं. काम चांगलं झालं तर नाव इंजिनिअरचं, आणि चुकलं तर ड्राफ्ट्समनचं, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. महेंद्रनं पुण्यात तीन वर्षं नोकरी केली, कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकला, आणि आई गेल्यावर आबा एकटे पडले म्हणून गावी परत आला. आबा, म्हणजे त्याचे वडील अर्जुना होवाळ, पलटणीतून नायक म्हणून रिटायर झालेले. पुण्याला चला म्हटलं तर ते म्हणायचे, “हयात छावणीत काढली, आता पुन्यात कशाला ऱ्हाऊ? तितं उठायची वेळ लोक ठरीवत्यात.”

महेंद्र स्वतंत्र धंदा करतो, हे आबा लोकांना समजावून सांगायचे. लोक मान डोलवायचे आणि विचारायचे, “म्हंजे घरीच असतोय न्हवं?” आबा म्हणायचे, “व्हय, घरीच.” मग लोक म्हणायचे, “बरं हाय की, आराम हाय.” इथं आबांचं समजावणं संपायचं.

कामं मात्र कराडात मिळत नव्हती. भोवताली साखर कारखाने, फाउंड्र्या, वर्कशॉपं. नकाशे सगळ्यांनाच लागत. पण आपल्याकडे काम द्यायच्या आधी माणूस लावून घ्यायची पद्धत आहे. नाव विचारतात, गाव विचारतात, आणि मग खुर्चीत मागं रेलून विचारतात, “कुणापैकी?” म्हणजे कुणाच्या घरातला, कुठल्या भावकीतला. त्याचं उत्तर मिळालं की माणूस कळला. मग नकाशा बघायची गरज उरत नाही. होवाळ म्हटल्यावर तर पुष्कळांना तोही प्रश्न पडत नसे. बौद्ध आहे हे कळायचं, आणि “बघू, कळवतो” असं उत्तर यायचं. एका कारखान्यात साहेबानं त्याचे नमुने अर्धा तास उलटून पालटून बघितले, वा वा म्हणाला, चहा पाजला, आणि काम आपल्या साडूच्या मुलाला दिलं. त्या मुलानं ते कुणाकडून काढून घ्यावं? महेंद्रकडूनच. दोन दिवसांनी तो दारात उभा राहिला आणि महेंद्रनं तेही काढून दिलं.

त्यामुळे इंटरनेट आल्यावर महेंद्रला पहिल्यांदा काय आवडलं असेल, तर तिथं कुणी ‘कुणापैकी’ विचारत नव्हतं. इंटरनेट जोडून घ्यायला फोनवरून साताऱ्याचा नंबर फिरवायचा, मोडेम कोकलायला लागायचा, आबा आतून ओरडायचे, “कोंबडं कापतोयस व्हय रं?” आणि मग एकदाचं जग उघडायचं. जगात एक फळा होता. त्यावर देशोदेशीचे ड्राफ्ट्समन आपापली जाहिरात लावत. महेंद्रनं आपली लावली. नाव लिहिलं ‘महेन असोसिएट्स, पुणे’. आडनाव लिहिलंच नाही. महेन एकटाच होता, पण असोसिएट्स म्हटलं की चार माणसं बसल्यासारखी वाटतात, हे त्यानं पुण्यात शिकलेलं होतं.

तीन आठवड्यांनी ह्यूस्टनहून कुणा व्हिकचा मेल आला. त्यांची कंपनी तेलाच्या टाक्यांचे आराखडे करायची. व्हिकनं एक टाकी पाठवली, महेंद्रनं काढून दिली. दुसरी पाठवली, तीही दिली. तिसऱ्या टाकीला बाहेरून गोल फिरत वर जाणारा जिना होता. महेंद्र तो पडद्यावर काढत असताना आबा मागं येऊन उभे राहिले. “येवढ्या पायऱ्या एका दमात चढायच्या? आन् हातात पाना-बिना असला तर?” त्यांनी विचारलं. महेंद्रनं त्यावर रात्रभर विचार केला आणि सकाळी अठराव्या पायरीपाशी विसाव्याला एक चौथरा घातला. मूळ आराखड्यात तो नव्हता. व्हिकचं उत्तर आलं, की चौथरा राहू दे, साहेब खूश आहे.

चौथ्या टाकीच्या वेळी व्हिकनं सहज विचारलं, भारतात कुठं? महेंद्रनं कळवलं, पुण्याजवळ. उलट उत्तर आलं, काय योगायोग आहे, मीसुद्धा पुण्याजवळचाच! चोराच्या मनात चांदणं! हा बाबा चिंचवडचा निघाला किंवा चाकणचा, आणि त्यानं गल्लीबोळ विचारले तर काय सांगणार? म्हणून महेंद्रनं विषय तिथंच सोडला. गंमत अशी, की व्हिकनंही पुढं काही विचारलं नाही.

आणि मग मे महिन्यात तो मेल आला. व्हिक घरच्या कार्यासाठी भारतात येत होता. गुरुवारी दुपारी बारा वाजता तो महेन असोसिएट्सच्या पुण्यातल्या ऑफिसला भेट देणार होता. भेट समाधानकारक झाली तर कंपनी वर्षभराची सगळी ड्रॉइंगं महेनला देणार होती.

वर्षभराचं काम! महेंद्रनं तो मेल चार वेळा वाचला. नाहीतर पुढं काय होणार ते ठरलेलंच होतं. पुण्यातल्या मिलिंदनं, त्याच्या जुन्या दोस्तानं, त्याच्यासाठी भोसरीत एक नोकरी बघून ठेवली होती. एक जूनला हजर व्हायचं. आबा कराडात, तो भोसरीत, आणि पुन्हा दुसऱ्याच्या सहीखाली नकाशे काढत बसायचं. हे वर्षाचं काम मिळालं तर त्याला आपल्याच खोलीत बसून आपल्या हिमतीवर जगता येणार होतं. एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती आणि ती गुरुवारी दुपारी बारावर येऊन ठेपली होती.

ऑफिस मिलिंदनं दिलं. पुण्यात सातारा रोडला त्याचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. “वरचा बोर्ड झाकू, आत एक टेबल रिकामं करू,” मिलिंद फोनवर म्हणाला. “किती वेळ लागंल त्याला? अमेरिकेतली माणसं घाईत असत्यात.” तर अशा रीतीनं, घरबसल्या जगाशी धंदा करणारा महेंद्र गुरुवारी सकाळी सहाला इस्त्रीचा शर्ट घालून कराडच्या एसटी स्टँडवर उभा राहिला.

गाडी लागली आणि नेहमीची झुंबड उडाली. महेंद्रच्या पुढ्यातल्या एका माणसानं खिडकीतून आपली टोपी आत फेकून जागा धरली. टोपी उन्हाळी होती, पुढं लांब चोच असलेली, आणि पायात पांढरेशुभ्र बूट होते. पण फेकण्यातली सफाई अस्सल इकडची. महेंद्रला नेमकी त्याच्या शेजारची जागा मिळाली. खाली फलाटाजवळ एक जीप उभी होती. धोतर नेसलेले एक गृहस्थ तिच्यातून वाकून ओरडत होते, “संध्याकाळी गाडी पाठवतो रं! आज मांडवाचं सामान आणायचं हाय, न्हाईतर पुण्यापतूर सोडलं असतं!”

“आवं ऱ्हाऊ द्या काका! आमी कवा बसायचं एसटीत?” टोपीवाला खूश होऊन ओरडला. गाडी हलल्यावर तो महेंद्रकडे वळला. “चुलत बहिणीचं लग्न हाय रविवारी. अंकिताचं. तुमी पुण्याला?”

“व्हय.”

“कराडचंच का?”

“व्हय, कराडचाच.”

“कुणापैकी?”

महेंद्रला याची सवय होती. असा प्रश्न आला की उत्तर न देता उलट प्रश्न करायचा. “तुमी कुठलं म्हणायचं?”

“आमी कुंडलचं. लालासाहेब जगदाळ्यांचा पुतण्या मी, वीरधवल.” माणूस स्वतःविषयी बोलायला लागला की दुसऱ्याला विचारलेलं विसरतो. वीरधवलही विसरला. आठ वर्षं अमेरिकेत काढली, पण एसटीचा वास आठवायचा, असं काहीबाही तो सांगत राहिला. महेंद्र मनातल्या मनात इंग्रजी वाक्यं घोकत होता. आपले स्वागत असो, आमची बाकीची माणसं आज साइटवर गेली आहेत, वगैरे. अमेरिका हा शब्द त्याच्या कानावर पडला, पण डोक्यात शिरला नाही. अमेरिका मोठी आहे.

सातारा मागं पडल्यावर वीरधवलनं बॅगेतून एक गुंडाळी काढली आणि मांडीवर उलगडली. महेंद्रनं सहज नजर टाकली. एक टाकी होती. तिच्याभोवती गोल जिना होता. अठराव्या पायरीशी चौथरा होता.

स्वतःचं पोर परक्याच्या कडेवर दिसावं तसं महेंद्रला झालं. पहिल्यांदा तर तो खिडकीबाहेरच बघायला लागला.

“ह्यातलं काय कळतं का तुमाला?” वीरधवलनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता बोट ठेवलं. “ह्यो चौथरा बगा. मी सांगितलाच न्हवता. पुण्याचा एक पोरगा हाय, महेन म्हणून, त्यानं स्वतःच्या डोक्यानं टाकला. त्यालाच भेटायला चाललोय. खरं सांगतो, असली नजर पुण्यातच घावती. आपल्या भागातला असता तर सांगितलंय तेवढं काढून गप बसला असता. बहुतेक सदाशिव पेठेतला असणार.”

महेंद्रला एकाच वेळी इतका आनंद आणि इतका राग कधी आला नव्हता. आपल्या कामाची इतकी मनापासून तारीफ त्यानं जन्मात ऐकली नव्हती, आणि ती सगळीच्या सगळी सदाशिव पेठेच्या नावावर जमा होत होती. आत्ता सांगावं का? सांगितलं तर पुण्याचं ऑफिस, असोसिएट्स, सगळंच उघडं पडणार. वर्षाचं काम तिथंच एसटीत सांडणार. त्यानं ठरवलं, गप बसायचं. पुण्यात उतरल्यावर याच्या आधी पळत दुकानात पोचायचं, पुढचं पुढं. हा बेत किती शहाणपणाचा होता ते सांगायला नको, पण माणूस घाबरला की त्याला असलेच बेत सुचतात.

खंडाळ्याला गाडी चहाला थांबली. वीरधवलनं चहाचा ग्लास आणि नकाशा दोन्ही हातात घेतले आणि पेनानं चौथऱ्याच्या एका कडेला गोल केला. “हितं मात्र गड्यानं घाण केलीया. ह्या बाजूला कठडाच न्हाई. माणूस सरळ खाली जाईल. बरं झालं, भेटल्या भेटल्या बोलायला कायतरी पाहिजे. जरा दाबून ठेवलेलं बरं असतंय.”

आता इथं महेंद्रनं गप बसायचं होतं. सगळं त्याच्यावरच अवलंबून होतं. पण ड्राफ्ट्समनला एक वेळ जातीवरनं बोला, तो गिळेल, त्याला सवय असते. कठडा विसरला म्हणालात तर नाही गिळणार.

“घाण न्हाई ती,” तो म्हणाला. “तिथनं वाफेचा पाइप वर जातोय. तिथं कठडा लावला तर पाइप कुठनं न्यायचा? कठडा पाइपाच्या भायेरनं घेतलाय. शीट सातवर बगा.”

“असं व्हय,” वीरधवल म्हणाला आणि चहाचा एक घोट घेतला. मग त्याचा ग्लास हवेतच थांबला. “शीट सात? माझ्याकडं तर ही एकच शीट हाय. सात तुमी कुठं बघितली?”

“मीच काढलीय.”

हॉटेलच्या पोऱ्यानं भज्यांची ताटली आणून ठेवली तरी दोघं एकमेकांकडे बघतच उभे होते.

“तू महेन?”

“व्हय.”

“मग पुण्याला कशाला चाललास?”

“तुमाला भेटायला. तुमी?”

“तुला भेटायला!”

वीरधवल असा हसत सुटला की कंडक्टरसुद्धा वळून बघायला लागला. महेंद्रलाही हसू फुटलं. एकमेकांपासून पस्तीस किलोमीटरवरच्या गावांतली दोन माणसं अमेरिकेमार्गे ओळखीची झाली होती आणि एकमेकांना गाठायला पुण्याला निघाली होती. “पुण्याजवळ!” वीरधवल डोळे पुसत म्हणाला. “आरं, मी तिकडं आठ वर्षं तेच सांगतोय. कुंडल म्हटलं तर तोंडाकडं बघत्यात. वीरधवल म्हणता येत न्हाई म्हणून व्हिक झालो.” आणि हसता हसता त्यानं विचारलं, “महेन म्हंजे पूर्ण काय?”

“महेंद्र होवाळ.”

वीरधवलचं हसू थांबलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे. फक्त जरा अडखळलं, आणि पुन्हा सुरू झालं. “बरं, बरं,” तो म्हणाला. “आमी तिकडं असलं कायबी मानत न्हाई हां.” कुणी काही विचारलं नव्हतं.

आता खरं तर दोघांनी रस्ता ओलांडून कराडची गाडी पकडायला हवी होती. भेट झाली होती, कामाचं बोलणं चहावर होऊन गेलं होतं. पण वीरधवलनं डोकं खाजवलं. “जायाला तर लागंल. आमच्या सायबाला पुण्याच्या ऑफिसचा फोटो पाहिजे. त्याशिवाय त्यो कागदावर सही करणार न्हाई.” तेव्हा दोघंही परत गाडीत बसले आणि नसलेलं ऑफिस बघायला पुण्याला गेले.

मिलिंदनं वचन पाळलं होतं. झेरॉक्सचा बोर्ड पांढऱ्या कागदानं झाकून त्यावर ‘महेन असोसिएट्स’ चिकटवलं होतं. वीरधवलनं फोटो काढले. एका फोटोत महेंद्र टेबलामागं. एकात मिलिंद, कानाला फोन लावून. फोनची वायर खाली लोंबत होती ती वीरधवलनं पायानं टेबलाखाली ढकलली. झेरॉक्सला आलेल्या दोन मुली दारात होत्या, त्याही हौसेनं उभ्या राहिल्या. त्या असोसिएट्स झाल्या. मग वीरधवलनं वर्षाच्या कामाचा कागद काढला, दोघांनी सह्या केल्या आणि हात मिळवले. साहेबाची सही तेवढी फोटो पोचल्यावर व्हायची होती. दीडच्या गाडीनं दोघं परत निघाले.

परतीच्या वाटेवर वीरधवल मोकळेपणानं बोलत होता. टाक्या, पाइप, तिकडचे वेल्डर. माणूस कामातला होता, त्यात खोट नव्हती. एकदा म्हणाला, “तुला घरीच न्यायला पाहिजे गड्या. पण लग्नाची गडबड, पाव्हणं-रावळं...” आणि बाहेर बघायला लागला. महेंद्र म्हणाला, “ऱ्हाऊ द्या की.” खिशातल्या कागदावर हात ठेवून त्यानं बाकीचं मनावर घेतलं नाही.

सहा वाजता कराड आलं. जीप हजर होती आणि पुढच्या सीटवर सकाळचे ते धोतरवाले काका, लालासाहेब, स्वतः होते. वीरधवलच्या मागोमाग उतरलेल्या, त्याच्याशी बोलत आलेल्या माणसाकडे त्यांनी बघितलं.

“हे कोण?”

“हे? बसमधलं,” वीरधवल म्हणाला. “शेजारी बसलं होतं.”

लालासाहेबांनी महेंद्रला नीट न्याहाळलं. तसे ते स्वभावानं चांगले असावेत. ओळख करून घ्यायची म्हणून अगदी आपुलकीनं त्यांनी विचारलं, “कुणापैकी म्हणायचं?”

महेंद्रनं वीरधवलकडे बघितलं. वीरधवल जीपच्या चाकाकडे बघत होता, त्यातली हवा डोळ्यांनी मोजल्यासारखा. खिशात वर्षाचा कागद होता. साहेबाची सही अजून व्हायची होती.

“मी पुण्याकडचा,” महेंद्र म्हणाला.

“अस्सं? बोलणं तर आमच्याकडचं वाटतंय,” लालासाहेब म्हणाले. आणि जीप गेली.

आपल्या घरापासून अर्ध्या मैलावर, आपल्या गावच्या स्टँडवर उभं राहून तो हे बोलला होता. अमेरिकेला कळवलेलं ‘पुण्याजवळ’ लहान होतं, हे लहान नव्हतं. घरापर्यंत चालत जाताना त्याला इतकी लाज वाटली की वाटेत दोघातिघांनी हाका मारल्या तर त्यानं मान वर केली नाही. इतके दिवस त्याला वाटत होतं, लोक आपलं नाव पुसून टाकतात. आज त्यानं स्वतःच्या हातानं पुसलं होतं.

आबा दारातच होते. “झालं का काम?”

“झालं. वर्षाचं मिळालं.”

“मग तोंड का असं? सायब कुठला निघाला?”

“कुंडलचा.”

“कुंडलचा!” आबांना याचा भलताच आनंद झाला. “म्हंजे आपल्या भागातलाच की. मग सांगितलंस न्हवं, कुणाचा ते?”

पलटणीत शिकवलेलं आबा विसरले नव्हते. कुणीही नाव विचारलं, अगदी पोस्टमननं विचारलं तरी ते ताठ उभे राहून नंबर, हुद्दा, नाव, वडिलांचं नाव आणि गाव एका दमात सांगत. महेंद्र लहानपणी या गोष्टीला लाजायचा. आज “जेवायला वाढू का?” असं म्हणून तो आत गेला.

शुक्रवारी सकाळी त्यानं कॉम्प्युटर सुरू केला. पाचव्या टाकीच्या सोळा शीट तयार होत्या, त्या सोमवारच्या आत ह्यूस्टनच्या ऑफिसला पाठवायच्या होत्या. प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. नकाशा कुणी काढला, कुठं काढला, ते तिच्यात लिहायचं. आजवर तिथं ‘महेन, पुणे’ असायचं. त्यानं ते खोडलं आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं: महेंद्र अर्जुना होवाळ, कराड, जिल्हा सातारा. एवढं त्या चौकटीत मावेना. मग त्यानं चौकट मोठी केली. सोळाच्या सोळा शीटवर केली.

वीरधवलला ते खोडायला दोन मिनिटं लागली असती, हे त्याला माहीत होतं. काम काढून घ्यायलाही फार वेळ लागला नसता. त्यानं साताऱ्याचा नंबर फिरवला, मोडेम कोकलला, आबा आतून नेहमीचं ओरडले, आणि शीट गेल्या.

नऊ दिवस उत्तर नाही. भोसरीच्या नोकरीला हजर व्हायचा दिवस तोंडावर आला. मिलिंदचा फोन आला, “येतोस का दुसरा बघू देत त्यास्नी?” महेंद्र म्हणाला, “दोन दिवस थांब.” दोन दिवसांत काय होणार होतं ते त्यालाही माहीत नव्हतं.

दहाव्या दिवशी सकाळी मेल आला. वीरधवलनं पत्र असं लिहिलंच नव्हतं. जोडीला फक्त दोन कागद होते, ते उतरायला वीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ महेंद्र खुर्चीच्या कडेवर बसून राहिला. आबा त्याच्या मागं येऊन उभे राहिले.

पहिला कागद वर्षाच्या कामाचा. साहेबाची सही झालेली. दुसरा म्हणजे शीट एक, तिकडं छापून, तपासून परत पाठवलेली. साहेबानं लाल पेन्सिलीनं दोन बोल्टांवर खुणा केल्या होत्या. खाली उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीला मात्र कुणी हात लावला नव्हता. सगळं जसंच्या तसं होतं. फक्त ‘कराड’ या शब्दाभोवती साहेबानं एक लाल गोल काढला होता आणि शेजारी लिहिलं होतं, हे कुठं आलं? त्याच्या खाली निळ्या शाईत, दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात, उत्तर लिहिलं होतं.

“काय लिवलंय?” आबांनी विचारलं.

“कराड कुठं हाय म्हणून सायबानं विचारलंय. आन् खाली त्या कुंडलच्या वीरधवलनं लिवलंय, कुंडलजवळ.”

आबांनी वाकून पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, “उलटं लिवलंय त्यानं. कुंडल कराडजवळ हाय. कळीव त्याला.”